दुखतंय काय, कंबर की पाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत पाठदुखीवर पानभर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, कापून ठेवला आणि तेव्हापासून हे पत्र लिहू की नको असं चाललं होतं. लिहिणारे डॉक्टर मणक्याचे सर्जन आहेत, भाषा सोपी, चित्रं छान, टाका किती छोटा असतो, पेशंट दुसऱ्या दिवशी कसा चालायला लागतो, सगळं आहे, आणि त्यात धडधडीत चुकीचं असं मला काही सापडलं नाही. पण अख्ख्या पानात एक प्रश्न कुठेच नाही. दुखतंय काय, कंबर की पाय?

हसू नका. मलाही पन्नाशी ओलांडेपर्यंत हा फरक माहीत नव्हता. पाठ, कंबर, सायटिका, मणक्यात गॅप, गादी सरकली, नस दबली, माझ्या लेखी सगळं एकच होतं आणि त्याला शेवटचा इलाज म्हणजे ऑपरेशन.

माझं असं झालं की एक दिवस बुटाची लेस बांधायला वाकलो आणि कंबरेत अशी कळ आली की भिंत धरून सरळ व्हायला पाच मिनिटं लागली. दोन महिने झाले तरी सकाळी उठताना कंबर धरलेलीच, म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये एल फोर एल फाइव्हला डिस्क बल्ज, खाली एल फाइव्ह एस वनला डिजनरेशन, ऑस्टिओफाइट, डेसिकेशन असे सव्वा पानभर शब्द. एकेक शब्द मोबाईलवर शोधत बसलो आणि संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली की आपला मणका म्हणजे पडायला आलेली भिंत आहे. खरं सांगतो, रिपोर्ट यायच्या आधी दुखत होतं तरी मी जिने चढत होतो, वाचल्यावर बादली उचलायचंही बंद केलं.

पहिल्या सर्जनने स्क्रीनवर फोटो पाहिले, पेनाच्या टोकाने काळी पडलेली गादी दाखवली आणि म्हणाले दोन लेव्हल फिक्स करून टाकू, सहा स्क्रू, दोन रॉड, विषय संपला. सात-आठ मिनिटांत ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली. त्यात त्यांनी मला हात लावला नाही की उठून उभं राहा म्हटलं नाही. माणूस वाईट नव्हता, बाहेर पेशंटची रांग होती एवढंच.

माझी मोठी बहीण हट्टाला पेटली म्हणून दुसरीकडे दाखवलं. तेही मणक्याचेच सर्जन. त्यांनी फाइल बाजूला ठेवायला सांगितली. आधी टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पलंगावर झोपवून एकेक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला आणि विचारलं गुडघ्याच्या खाली कळ जाते का. मग पायाचा अंगठा बोटाने दाबून धरला आणि म्हणाले, आता वर ओढा. ओढला. कापसाचा बोळा पिंढरीवरून, पावलावरून फिरवला, दोन्हीकडे सारखं लागतंय का विचारलं. हे सगळं झाल्यावर एमआरआय पाहिला आणि म्हणाले, "तुमचा पाय दुखत नाही, पायात ताकद आहे, बधिरपणा नाही. नस दबलेलीच नाही, मग मी नक्की काय मोकळं करू?"

त्या एका वाक्यात मला जे समजलं ते तुमच्या पानभर लेखात नव्हतं म्हणून हे पत्र. गादी फुटून तिचा गर बाहेर येतो आणि नसेवर दाबतो तेव्हा कळ कुल्ल्यातून मांडी, पिंढरी करत पावलापर्यंत जाते, ती खरी सायटिका. तिथे सर्जनला काढायला काहीतरी ठोस असतं, तुकडा काढला की पाय सुटतो. पण नुसती कंबर दुखते तेव्हा ते स्नायूंतून येतंय, गादीतून, मागच्या छोट्या सांध्यांतून की सगळ्यांतून थोडं थोडं, हे बहुतेक पेशंटमध्ये कुठलाच फोटो खात्रीने सांगू शकत नाही. मग ऑपरेशन करायचं ते कशाचं? फोटोत जे काळं दिसलं त्याचं?

आणि फोटोत काळं कुणाला दिसत नाही? १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचा एमआरआय काढून पाहिला होता. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांत, ५२ टक्के, कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. पुढे २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र करून दुखणं नसलेल्या तीन हजारांवर लोकांचा हिशोब मांडला गेला, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत गाद्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे केस पिकतात तशा गाद्या झिजतात. फक्त पिकलेले केस पाहून कुणी आपल्याला घाबरवत नाही.

मग मला वाटलं सोपं आहे, रिपोर्टच्या खाली एक ओळ छापा की या वयात दुखणं नसलेल्या इतक्या टक्के लोकांतही हेच दिसतं. तर तेही करून झालंय हो. अमेरिकेत सुमारे अडीच लाख पेशंटच्या रिपोर्टमध्ये अशी ओळ घालून पाहिली, २०२० मध्ये निकाल आला, पुढच्या तपासण्या-उपचारांचा एकूण पसारा काही कमी झाला नाही. रिपोर्ट हातात पडल्यावर एक ओळ काय करणार, समोर बसलेला माणूस काय सांगतो त्यावर सगळं असतं.

आता मला कुणी ऑपरेशनविरोधी म्हणायच्या आत ताईचं सांगतो. हीच ती हट्टाला पेटलेली बहीण, वय ६८. तिचं दुखणं वेगळं होतं. बसली की काही नाही, पण दहा मिनिटं चाललं की दोन्ही पाय जड, मुंग्या, पिंढऱ्यांत गोळे, आणि मग वाकून कशावर तरी टेकलं किंवा दोन मिनिटं बसलं की परत ठीक. घरात ती वॉकरवर पुढे झुकून आरामात फिरायची, सरळ उभं राहून ओट्याशी काम करणं मात्र जमेना. आम्हाला वाटायचं वय झालं. दुसऱ्या सर्जनला माझ्याबरोबर दाखवायला नेलं, तर त्यांनी हे वर्णन ऐकूनच ओळखलं की मणक्याची नळी अरुंद झालीय, स्टेनोसिस. पुढे वाकलं की नळी थोडी उघडते म्हणून बरं वाटतं. एमआरआयने नंतर शिक्कामोर्तब केलं. मागच्या हाडाचा थोडा भाग काढून नसा मोकळ्या केल्या, एकही स्क्रू नाही. आज ताई अर्धा-पाऊण तास सलग चालते. कंबर अजून धरते अधूनमधून, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं, की मी पाय देतोय, कंबरेची हमी देत नाही.

स्क्रू नाही हे मुद्दाम लिहिलं, कारण ताईलाही दुसऱ्या एका ठिकाणी फिक्सेशन सुचवलं होतं, पुढे मणका सरकू नये म्हणून. स्वीडनमध्ये नळी अरुंद झालेल्या ५० ते ८० वयाच्या २४७ लोकांवर हाच प्रश्न तपासला, निम्म्यांच्या नसा नुसत्या मोकळ्या केल्या, निम्म्यांना बरोबर स्क्रू-रॉड, कुणाला काय ते चिठ्ठी टाकावी तसं नशिबाने ठरवलं. २०१६ मध्ये छापून आलं की दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांत फरक नाही. मणका थोडा पुढे सरकलेल्या पेशंटबद्दल नॉर्वेच्या लोकांनी २०२१ मध्ये दाखवलं की तिथेही बहुतेकांना नुसतं मोकळं करून भागतं. त्याच २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या, ६६ जणांच्या अभ्यासात स्क्रूवाल्यांना थोडा जास्त फायदा दिसला होता, तेही सांगायला हवं. म्हणजे वाद आहे, पण वाद आहे हे पेशंटला सांगतं कोण? आणि मोठ्या ऑपरेशनचा धोका मोठा हे तर उघड आहे. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे आकडे काढले तेव्हा २००२ ते २००७ या पाच वर्षांत स्टेनोसिससाठी होणारी मोठी, किचकट फ्युजनं, म्हणजे स्क्रू-रॉडने मणके जोडायची ऑपरेशनं, १५ पट झाली होती. पाच वर्षांत लोकांचे मणके काही १५ पट बिघडले नसतील! जिवावर बेतणारी गुंतागुंत नुसत्या मोकळं करण्यात २.३ टक्के, त्या मोठ्या फ्युजनमध्ये ५.६ टक्के.

नुसत्या कंबरदुखीसाठी मणके जोडण्याचं काय, म्हणजे माझ्या सहा स्क्रूंचं? इंग्लंडमध्ये ३४९ लोकांवर झालेली चाचणी २००५ ची आहे, एका गटाचं फ्युजन, दुसऱ्याला कसून व्यायाम आणि दुखण्याची भीती घालवणारं शिक्षण. त्रास मोजायची शंभर गुणांची एक पट्टी असते, गुण जितके जास्त तितका त्रास. ऑपरेशनवाले साधारण ४६ वरून ३४ वर आले, व्यायामवाले ४५ वरून ३६ वर. दोन गुणांचा फरक बघू नका, तो ३४ चा आकडा बघा. दोन वर्षांनी, स्क्रू टाकून, सरासरी पेशंटला अजून ३४ गुणांचा त्रास आहे. विषय कुठे संपला? याच देशाच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०१६ पासून स्पष्ट लिहिलंय की नुसत्या कंबरदुखीला फ्युजन संशोधनाच्या चाचणीबाहेर करू नये.

इथे फिजिओवाल्यांनीही लगेच हुरळून जाऊ नये. त्या चाचणीतला व्यायाम म्हणजे तीन आठवड्यांत सुमारे ७५ तास होता. ७५ तास! आपण "फिजिओ करून पाहिला, काही उपयोग नाही" म्हणतो ते काय असतं? पलंगावर पालथं झोपायचं, शेक, मशीनच्या वायर, ट्रॅक्शन, वीस मिनिटं, दहा सिटिंग. मीही तेच केलं होतं आणि पहिल्या सर्जनच्या फॉर्मवर "कॉन्झर्व्हेटिव्ह ट्रीटमेंट फेल", म्हणजे ऑपरेशनशिवायचे इलाज फसले, अशी माझ्या नावापुढे नोंद झाली. फेल काय झालं, जे केलंच नाही ते? नंतर ज्या फिजिओकडे शिकलो तिने मशीनला हातही लावला नाही, पहिल्याच दिवशी मला बादली उचलायला लावली, रिकामी, मग अर्धी, मग भरलेली, आणि रोज किती मिनिटं चाललो याची वही. आठ-नऊ महिने लागले. कंबर आजही मधूनच आठवण करून देते.

खऱ्या सायटिकातसुद्धा घाई किती करायची हा प्रश्न आहेच. नेदरलँड्समध्ये दीड ते तीन महिने पाय दुखत असलेले २८३ लोक घेतले, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं आणि नाहीच सोसलं तर ऑपरेशन. थांबलेल्यांतल्या ३९ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन लागलंच, म्हणजे बाकी ६१ टक्क्यांचं टळलं. लवकर करून घेतलेल्यांचा पाय लवकर सुटला यात शंका नाही, पण वर्षअखेरीला दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. शरीर तो बाहेर आलेला तुकडा हळूहळू स्वतःच जिरवतं, आणि गंमत म्हणजे मोठा, सुटून पडलेला तुकडा बऱ्याचदा जास्त जिरतो. उलट कॅनडाचा २०२० चा अभ्यास सांगतो की चार महिन्यांच्या वर पाय दुखत राहिला असेल तर ऑपरेशनवाले थांबलेल्यांपेक्षा चांगले राहतात. तेव्हा थांबण्यालाही हद्द आहे. ज्याला रात्र रात्र झोप नाही त्याला मी घरी बसून वाट बघ म्हणणार नाही, पण त्याला हे दोन्ही सांगून मग ठरवू दे ना.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे कुणी सांगितलं नाही. त्याचीही नुसती कंबर, पाय नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात दोन मणके जोडले. वर्षभर बरं होतं, मग वरच्या मणक्यावर ताण येऊन तिथे सुरू झालं, मग तोही जोडला. आता तो खुर्चीत बसताना आधी दोन्ही हात टेबलावर ठेवतो, मग हळूच खाली जातो, जसं काही पाण्यात उतरतोय. ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या यशस्वी आहे, एक्सरेमध्ये स्क्रू एकदम सरळ रेषेत आहेत, डॉक्टरांनी त्याला तसं दाखवलं पण.

क्वालिटी म्हणतात ती नेमकी कुठे मोजायची यावर माझं भांडण आहे. स्क्रू जागेवर बसला, नसेचं आवरण फाटलं नाही, जंतुसंसर्ग झाला नाही, चुकीच्या मणक्यावर कापलं नाही (हे होतं, म्हणून टेबलावर एक्सरे काढून मणके मोजतात), ही झाली हाताची सफाई. ती हवीच. पण ज्याचं करायलाच नको होतं त्याचं कितीही सफाईने केलं तर ते चांगलं काम कसं म्हणायचं? आणि पेशंट दोन वर्षांनी लेस बांधतो का, कामावर गेला का, गोळ्या सुटल्या का हे विचारलंच नाही तर सर्जनला तरी आपलं काय बरोबर काय चूक कळणार कसं. स्वीडनमध्ये १९९३ पासून मणक्याच्या ऑपरेशनचं देशपातळीवरचं रजिस्टर आहे, पेशंट स्वतः फॉर्म भरतो, ऑपरेशनआधी आणि नंतर वर्षा-दोन वर्षांनी. वर जी २४७ लोकांची चाचणी सांगितली तीही असा हिशोब ठेवायची सवय असलेल्या देशातून आली, उगाच नाही.

हे बोलणं सोपं नसतं हेही मान्य. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने पाठदुखीवर सूचना काढल्या, की बहुतेकांचं आपोआप बरं होतं, ऑपरेशन मोजक्यांनाच लागतं. मणक्याच्या सर्जनांच्या एका संघटनेने असा दबाव आणला की संस्थाच बंद पडायची वेळ आली, बजेट कापलं गेलं आणि १९९९ मध्ये तिचं नाव बदललं. त्याच देशात २००२-०३ ला एका भागापेक्षा दुसऱ्या भागात ज्येष्ठांच्या फ्युजनचं प्रमाण २० पट जास्त होतं. आजार तर तोच. तुम्ही राहता कुठे आणि समोर कोण बसलंय त्यावर स्क्रू ठरत होते.

म्हणून संपादक साहेब, माझं मागणं तुमच्याकडेच आहे, डॉक्टरांकडे नाही. पुढच्या वेळी मणक्याच्या सर्जनची मुलाखत छापाल तेव्हा किती हजार ऑपरेशनं केली हे तर तुम्ही विचारताच, त्याच्या जोडीला किती जणांना तपासून ऑपरेशन नको म्हणून परत पाठवलं हेही विचारा. केलेल्यांना वर्षाने फोन केला का, केला तर किती जणांनी पुन्हा करून घेईन म्हटलं, हे विचारा. किती जणांचं दुसऱ्यांदा उघडावं लागलं, हेही. आकडा नसेल तर "आकडा ठेवलेला नाही" असं छापा, त्यात कुणाची बदनामी नाही. आणि स्वतःहून फोटोत काळी पडलेली गादी लाल बाणाने दाखवणं तेवढं बंद करा, माझ्या एमआरआयवर तसाच बाण होता.

ताईला तिच्या सर्जनकडून वर्षाने खरंच फोन आला होता. दहा प्रश्न, किती वेळ उभं राहता येतं, झोप लागते का, प्रवास जमतो का. ती उत्तरं देता देता त्यांनाच विचारत होती, तुमची तब्येत कशी आहे.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. पत्र वाचून कुणी सगळंच अंगावर काढू नये म्हणून हे जमलं तर चौकटीत छापा. कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, संडासवर ताबा गेला, बसायची जागा, जांघेच्या आतला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर फिजिओ नको, सेकंड ओपिनियनची वाट नको, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा, तिथे तासांवर हिशोब असतो. पाऊल वर उचलेनासं झालं, चालताना चप्पल पायातून निसटायला लागली तरी आठवडे घालवू नका. ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, यातलं काही असेल तरी लगेच दाखवा, अशा वेळी एमआरआय लागतोच आणि तो लवकर काढलेला बरा.